चाळिशीतली ‘मुलगी’ आणि निम्मी फी

सायबरवाल्या पोरानं कीबोर्डवरचे हात न काढताच विचारलं, “ताई, पोरीचा आधार नंबर सांगा.”

मी माझा सांगितला.

“तुमचा नको ना. जिला स्कॉलरशिप पाहिजे तिचा.”

“मलाच पाहिजे.”

तेव्हा कुठे त्यानं मान वर केली. मागच्या बाकावर झेरॉक्ससाठी थांबलेल्या दोन पोरी फिसकन हसल्या. २०२३ चा ऑक्टोबर. मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि बी.एड.ला प्रवेश घेऊन जेमतेम महिना झाला होता.

बी.ए. झाले २००५ साली, पुढच्या वर्षी लग्न. आमचं गाव अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं, कापूस-मक्याचं. पोरं मोठी झाल्यावर गावाजवळच्या एका शाळेत शिकवायला जायला लागले, महिना साडेचार हजारांवर. चार वर्षांनी शाळेनं सांगितलं, पुढच्या वर्षी बी.एड. असेल तरच. सासूबाई म्हणाल्या, “या वयमा शिकीसन काय करशी वं?” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. माझ्याकडेही नीट उत्तर नव्हतं. एप्रिलमध्ये प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी दिली, आणि मार्क बघून घरात सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं.

आधी मनात होतं, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून घरबसल्या एम.ए. करावं. ते केलं असतं तर ही गोष्ट लिहायला लागलीच नसती, कारण राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला कॉलेजात सगळे ‘ईबीसी’ म्हणतात, ती दूरशिक्षणाला किंवा अर्धवेळ अभ्यासक्रमाला मिळत नाही. प्रवेशही सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’ फेरीतून झालेला लागतो, मॅनेजमेंटच्या जागेवरून चालत नाही. आम्ही खुल्या प्रवर्गातले. या योजनेला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत लागतं. आमचं त्याच्या जवळपासही कधी गेलेलं नाही. वयाची अट मी तीनदा शोधली, सापडली नाही. मग मी हिशेब मांडला: फी ३८,००० रुपये, निम्मी सरकार देणार, म्हणजे १९,००० चीच सोय करायची.

या हिशेबात दोन चुका होत्या. त्या कळायला मला वर्ष लागलं.

सायबरवाल्यानं शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचं, महाडीबीटीचं पान उघडलं आणि पहिला धक्का तिथंच बसला. पोर्टल नाव आधारवरून उचलतं. आधारवर माझं नाव सासरचं. दहावी, बारावी, बी.ए., सगळ्या मार्कशीटवर माहेरचं. अठरा वर्षांच्या पोरीला हा प्रश्नच येत नाही, तिचं एकच नाव असतं. माझी दोन, आणि दोन्ही खरी. विवाह नोंदणीचा दाखला होता म्हणून निभावलं. वर्गातल्या एकीनं लग्नाची नोंदणीच केलेली नव्हती. तिला आधी ग्रामपंचायत, मग राजपत्रात नावबदल, असं सगळं करत बसावं लागलं, तोवर अर्जाची मुदत संपत आली. मुदत वाढली, दरवर्षी वाढते म्हणतात, पण ती वाढेल या भरवशावर कोण झोपणार?

दुसरा धक्का पुढच्या पानावर. वडील हयात आहेत का? नाहीत, २०१७ ला गेले. आई हयात आहे का? आहे, भावाकडे असते. आईचा व्यवसाय? आई नोकरदार आहे का? मी आपली उत्तरं देत गेले. ज्यांच्यासोबत सतरा वर्षं संसार केला, त्यांना कुठे बसवायचं ते मात्र त्या पानावर सापडेना. शेवटी ‘पालकांचा मोबाइल नंबर’ या रकान्यात आमच्या ह्यांचा नंबर टाकला. घरी येऊन सांगितलं, आजपासून तुम्ही माझे पालक. ते म्हणाले, मग अभ्यास दाखव.

हसण्यावारी नेलं, पण खरी अडचण तीच होती. उत्पन्न कोणाचं धरायचं?

कॉलेजातले क्लार्क भाऊसाहेब म्हणाले, विद्यार्थ्याच्या वडिलांचा दाखला लागतो. वडील नसतील तर आईचा आणा. आईचा दाखला काढायचा तर ती राहते माहेरच्या तालुक्यात, रेशनकार्ड भावाचं, म्हणजे भावाचं उत्पन्न आलं त्यात. माझा भाऊ माझी फी भरणार आहे का? इकडे गावातले तलाठी म्हणाले, लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या नावानंच दाखला मिळतो, आईचा आम्ही कसा देणार. त्यात शेत सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या नावावर. सातबारा नानांचा, रेशनकार्ड एकत्र, आणि आमचे हे शेती सांभाळून मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. मग कुटुंब कोणतं? नानांचं, ह्यांचं, की माहेरचं? दोन आठवडे मी या दोन टेबलांच्या मधे येरझाऱ्या घालत होते. एसटीचं निम्मं तिकीट मार्चपासून महिलांना लागू झालेलं, एवढाच काय तो दिलासा.

मार्ग सापडला तो वेगळ्याच कागदात. माझ्या वर्गात अनुसूचित जातीची एक मैत्रीण होती, वय चौतीस, लग्न झालेली. तिला केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळायची, अडीच लाखांच्या मर्यादेची. तिनं त्या योजनेचे नियम छापून फाइलला लावलेले. त्यात स्वच्छ लिहिलेलं: आई-वडिलांपैकी कोणी हयात असेल तर त्यांचंच उत्पन्न, आणि विवाहित, नोकरी नसलेली विद्यार्थिनी असेल तर पतीचं उत्पन्न, घरातल्या आणखी कोणाचं धरायचं नाही. माझी योजना वेगळी, खातं वेगळं, हे मला कळत होतं. तरी मी ते पान भाऊसाहेबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाले, “बरं, आणा नवऱ्याचा.” एवढंच. दोन आठवडे ज्या प्रश्नात गेले तो एका छापील पानानं सुटला. तेव्हापासून कोणीही काही तोंडी सांगितलं की मी एवढंच विचारते, हे कुठे लिहिलंय?

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी शपथपत्र लागतं. तालुक्याच्या आवारात टेबल मांडून बसलेल्या माणसानं शंभराचा स्टॅम्प पुढे केला. दाखल्यांसाठीच्या शपथपत्रांचं मुद्रांक शुल्क सरकारनं २००४ मध्येच माफ केलेलं आहे, साध्या कागदावर चालतं. मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, “चालतं, पण परत पाठवतात.” मी साधाच कागद दिला. परत आला नाही. लोकसेवा हक्काच्या कायद्यात हा दाखला पंधरा दिवसांत द्यायचा आहे, मला तेविसाव्या दिवशी मिळाला. उत्पन्न लिहून आलं १,२०,०००. तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला माहीत असेल, या कागदावर अख्ख्या गावाचं उत्पन्न जवळजवळ सारखंच असतं. त्या वर्षी पाऊस धड झाला नव्हता. आमच्या घरात किती आलं, किती गेलं, हे नानांनाही नीट सांगता आलं नसतं.

आता खंडाची गोष्ट. बी.ए. आणि बी.एड. यांच्यामध्ये माझी अठरा वर्षं. अर्जात मागचं शिक्षण भरताना खंड दाखवावा लागतो, त्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. सायबरवाल्यानं ते वाचलं आणि ठामपणे सांगितलं, “ताई, तुमचं नाही होणार. दोन वर्षांपेक्षा जास्त गॅप चालत नाही.” कॉलेजातल्या एका मॅडमनीही तेच सांगितलं. मी त्या दिवशी एसटीत बसून रडले, हे कबूल करते. सगळी धडपड दोन ओळींत संपली असं वाटलं. रात्री पोरगा म्हणाला, “मम्मी, तू तर म्हणते ना, कुठे लिहिलंय ते बघ.” पोर्टलवर योजनेच्या अटी आहेतच. वाचल्या. अट अशी की अभ्यासक्रमाच्या कालावधीत दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नसावा. अभ्यासक्रमाच्या कालावधीत! म्हणजे बी.एड. चालू असताना. आधी तुम्ही अठरा वर्षं घर सांभाळलं की अठ्ठावीस, त्याच्याशी या अटीचं देणंघेणं नाही. फक्त तेवढ्या काळात काय केलं ते लिहून द्यायचं. मी लिहिलं: घरकाम, शेतीकाम व मुलांचे संगोपन. टाइप करणाऱ्यानं सल्ला दिला, “काही केलं नाही, असं लिहा, सोपं पडेल.” मी नाही लिहिलं.

मला वाटतं, मोठ्या वयाच्या कितीतरी बाया आणि पुरुषही इथंच मागे फिरत असतील. नियम त्यांना अडवत नाही, नियमाची ऐकीव आवृत्ती अडवते.

आणखी एक अट होती जिच्यावर आमच्या घरात खरोखर वाद झाला: एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ. आम्ही भावंडं चार, मी तिसरी. पण थोरल्या दोघांनी कधी ही शिष्यवृत्ती घेतलेली नव्हती, त्यामुळे माहेरकडून अडचण नव्हती. ह्यांचा मुद्दा वेगळा होता. पोरगा अकरावीला, पोरगी सातवीत. “तू एक जागा खाल्लीस तर यांच्यातल्या एकाचं काय?” मी म्हटलं, मी माझ्या बापाचं अपत्य, ही तुमची अपत्यं, कुटुंब वेगळं. ते म्हणाले, मग दाखला माझ्या उत्पन्नाचा कसा? या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

अर्ज नोव्हेंबरात गेला. कॉलेजच्या टेबलावर पडून राहिला, मग त्रुटी काढून परत आला, कारण दाखल्याचा फोटो तिरका होता. पुन्हा पाठवला. ‘छाननीत’ असं महिनोन्महिने दिसत राहिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, सत्त्याण्णवावं. साने गुरुजींच्या गावात कौतुकाचा सोहळा, आमच्या कॉलेजच्या पोरीही गेल्या. मी त्या दिवसांतही मोबाइलवर पोर्टल उघडून बघत होते. ग्रंथदिंडी पाहिली तीही अशी, एक डोळा स्क्रीनवर.

आणि फीचं काय? तीच माझ्या हिशेबातली पहिली चूक. मला वाटलेलं, निम्मी भरायची, निम्मी सरकार कॉलेजला देईल. कॉलेज म्हणालं, पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की तुमच्या खात्यात येईलच. सप्टेंबरात ३८,००० एकदम. घरात तोवर नवा कापूस यायचा होता. दिवाळीनंतर आला तर भाव सात हजारांच्या आसपास लोळत होता. लांब धाग्याचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ७,०२० होता, आणि त्याच्या दोन वर्षं आधीचे दहा हजारांवरचे भाव लोकांच्या डोक्यातून गेले नव्हते, म्हणून नानांनी कापूस मागच्या खोलीत भरून ठेवला. मी १३,००० साठवलेले दिले आणि २५,००० बचत गटाकडून काढले, शेकडा एक रुपया महिना.

दुसरी चूक छोटी वाटते पण पैशात मोजली की मोठी. ‘निम्मी फी’ म्हणजे पावतीवरच्या एकूण रकमेच्या निम्मी नाही. शिक्षण शुल्काच्या निम्मी, आणि परीक्षा शुल्काच्या निम्मी. माझ्या ३८,००० मध्ये शिक्षण शुल्क ३२,००० होतं, बाकी विकास शुल्क, ग्रंथालय, ओळखपत्र, आणि काय काय. म्हणजे मिळणार होते १६,००० आणि परीक्षेच्या फीतले थोडे. प्रवेशाच्या दिवशीच पावतीचे रकाने वेगळे करून बघितले असते तर तीन हजारांचा घोटाळा झाला नसता.

जुलै २०२४ ला मेसेज आला. पहिला हप्ता मंजूर, पोर्टलवर जाऊन ‘रिडीम’ करा. हे कोणी सांगितलेलंच नव्हतं की मंजूर झालेला पैसा आपोआप येत नाही, स्वतः बटण दाबावं लागतं आणि आधारचा ओटीपी टाकावा लागतो. ओटीपी गेला ह्यांच्या फोनवर, कारण आधारला त्यांचाच नंबर. हे शेतात, फोन बांधावर पिशवीत. चौथ्या वेळी जमलं. तरी खात्यात काही येईना. बँकेत गेले तर कळलं, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या नाही, आणि माझं आधार जोडलेलं होतं फार पूर्वी उघडलेल्या जनधन खात्याला, जे व्यवहार नसल्यानं बंद पडलेलं. केवायसी करून ते जिवंत केलं. ८,००० आले. तोवर गटाचं दहा महिन्यांचं व्याज झालं होतं २,५००. सासूबाईंना मी हे सांगितलं नाही. माझ्या वहीत मात्र लिहिलेलं आहे.

दुसऱ्या वर्षी एक चमत्कार झाला. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला: व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क निम्म्याऐवजी पूर्ण माफ, आणि आधीच शिकत असलेल्यांनाही नूतनीकरण करून लाभ. मी तो चारदा वाचला. ‘मुलींना’ असं लिहिलंय. माझा चाळिसावा वाढदिवस त्याच महिन्यात झाला होता. मी कॉलेजात भाऊसाहेबांना विचारलं, मी यात मुलगी धरली जाते का? ते गंभीरपणे म्हणाले, “वय लिहिलेलं नाही ताई, म्हणजे धरली जाते.” घरी पोरीनं ते वाक्य पुढे महिनाभर पुरवून वापरलं.

कॉलेजनं त्या वर्षीही आधी भरा म्हटलंच. या वेळी मी जीआर छापून नेला होता. प्राचार्यांच्या केबिनमध्ये अर्धा तास गेला. शेवटी हमीपत्र लिहून घेतलं की शिष्यवृत्ती आली नाही तर मी भरेन, आणि विकास शुल्क तेवढं भरून घेतलं. पहिल्या वर्षी मी असं बोलले असते का? नाही. अठरा वर्षांची असते तर दुसऱ्या वर्षीही बोलले नसते. मोठ्या वयात शिकण्याचा एवढा एक फायदा मला दिसला.

सोबतच्यांचं सांगते, कारण सगळ्यांची वाट माझ्यासारखी नव्हती. त्या मैत्रिणीचे पैसे दोन तुकड्यांत येत, ४० टक्के राज्याचे, ६० टक्के केंद्राचे, वेगवेगळ्या दिवशी, आणि आपल्या खात्यात आलेली रक्कम कॉलेजला कधी भरायची यावरून तिचे खटके उडत. साक्रीकडचा एक दादा एका खासगी संस्थेत नोकरी करून शिकायला आलेला, अनुसूचित जमातीचा. नोकरीत असलेल्याला त्या योजनेत फक्त न परतणारी फी मिळते, दरमहा भत्ता नाही, आणि तीही स्वतःचं आणि आई-वडिलांचं मिळून उत्पन्न मर्यादेत असेल तर. त्यानं भत्ता धरून खोलीभाड्याचा हिशेब केलेला. तिसऱ्या महिन्यात तो रोज ये-जा करायला लागला. बी.एड.ला तासांची हजेरी ८० टक्के आणि शाळेतल्या सरावाची ९० टक्के लागते, वीस आठवड्यांचा सराव असतो, त्यामुळे नोकरी टिकवत शिकणं कसरतच. त्याची नोकरी गेली, पदवी मात्र मिळाली.

मला कोणी विचारलं, या शिष्यवृत्तीवर विसंबून प्रवेश घेऊ का, तर मी विचारते: फी भरायच्या दिवशी पूर्ण रक्कम तुझ्या हातात आहे का? असेल तर घे, पैसे परत येतात, उशिरा येतात, पण माझे आले. नसेल तर आधी कर्जाचा दर विचार आणि दहा-बारा महिन्यांचं व्याज फीत मिळव, मग ठरव. माहेरचं-सासरचं नाव, आधारचा नंबर, बँकेचं खातं, हे तीन कागद सीईटीच्या अभ्यासाबरोबरच सरळ करून ठेव. माझा पहिल्या वर्षाचा दुसरा हप्ता जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यातून गटाचं कर्ज बरंचसं फिटलं, उरलेलं नानांनी कापूस विकून दिलं, न मागता.

२०२५ च्या उन्हाळ्यात बी.एड. झालं. त्याच वर्षी पोरानं बारावी करून इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. दाखला काढायला तोच एकटा गेला. तलाठ्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आवारात अजून सगळे तलाठीच म्हणतात, असं तो सांगत आला. रात्री ओट्यावर बसून त्यानं मोबाइलवर अर्ज उघडला. ओटीपी या वेळी माझ्या फोनवर आला, तो मी वाचून दाखवला. थोड्या वेळानं त्यानं मान वर न करता विचारलं, “मम्मी, इथं विचारलंय, कुटुंबातल्या किती जणांनी या योजनेचा लाभ घेतलाय. तुला धरू का?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “थांब. आधी कुठे लिहिलंय ते बघू.”